मराठी कवितेचे छंद, रूपे आणि रीती: बडोद्यातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातील मराठी घरांमध्ये कविता आजही वाचली जाते, पाठ केली जाते आणि लिहिलीही जाते. मात्र नव्या पिढीतील पुष्कळांना शाळेत मराठी शिकायला मिळत नसल्यामुळे छंद, वृत्त, जाती यांची ओळख अनेकदा अर्धवट राहते. येथील काव्यवाचनाच्या बैठकींत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते पुढे उत्तरांसह दिले आहेत. उत्तरे देताना एक भूमिका धरली आहे: कवितेचे रूप आधी कानाने ओळखायचे असते आणि ती ओळख पक्की करण्यासाठी नियम असतात.

अभंग, आरती, भावगीत, सुनीत, पोवाडा हे सगळे कवितेचेच प्रकार आहेत. मग त्यांची एक सरळ यादी का करता येत नाही?

कारण ही नावे वेगवेगळ्या कसोट्यांवर पडलेली आहेत. अभंग हे नाव मुख्यतः अक्षरांच्या बांधणीवरून ओळखले जाते. आरती, पाळणा, भूपाळी ही नावे रचना कोणत्या प्रसंगी म्हटली जाते त्यावरून पडली. सुनीत म्हटले की चौदा ओळींचा आकृतिबंध समोर येतो, पोवाडा म्हटले की वीरकथा, शाहीर आणि डफ-तुणतुण्याची साथ समोर येते, आणि भावगीतात कवीची मनोवस्था आणि गेयता या दोन गोष्टी प्रधान असतात. म्हणूनच एखादी आरती मात्रांच्या जातीत असू शकते, एखादे भावगीत अभंगाच्या बांधणीत असू शकते, आणि एकनाथांचे भारूड हे आशयाने रूपक, सादरीकरणाने जवळजवळ नाट्य आणि रचनेने पद असे तिन्ही एकाच वेळी असू शकते.

एखाद्या कवितेविषयी विचार करताना तीन प्रश्न वेगळे ठेवले तर गोंधळ टळतो. तिची लय कशावर बांधली आहे, तिचा आकार कसा आहे, आणि ती कशासाठी व कोणासमोर म्हटली जाते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच शब्दात मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

छंद, वृत्त आणि जाती यांत नेमका फरक कोणता?

या तीन शब्दांची काटेकोर वाटणी माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात केली, आणि बडोदेकरांनी ती जाणून घ्यावी यामागे एक आपुलकीचे कारणही आहे. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांचा जन्म १८९४ साली बडोद्यात झाला. ते फारशीचे प्राध्यापक होते, त्यांनी फार्शी-मराठी कोश रचला, आणि मराठी पद्यरचनेचा त्यांच्याइतका पद्धतशीर अभ्यास त्यांच्यापूर्वी कोणी केलेला नव्हता.

त्यांच्या वाटणीनुसार, जेथे केवळ अक्षरांची संख्या मोजली जाते आणि अक्षर लघु (आखूड) आहे की गुरू (लांब) याला महत्त्व नसते, तो छंद होय. ओवी आणि अभंग या वर्गात येतात. जेथे लघु-गुरूंचा क्रम प्रत्येक चरणात ठरलेला असतो, ते वृत्त. भुजंगप्रयात, वसंततिलका, मंदाक्रांता, शार्दूलविक्रीडित ही वृत्ते संस्कृतातून आली. जेथे मात्रांची, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या काळाच्या मापांची, बेरीज आणि त्यांची आवर्तने सांभाळली जातात, पण लघु-गुरूंचा क्रम मोकळा असतो, ती जाती. पादाकुलक, दिंडी, साकी या जाती आहेत. दिंडीच्या चरणात नऊ मात्रांनंतर थांबा आणि पुढे दहा मात्रा येतात, तर साकीच्या चरणात अठ्ठावीस मात्रा असतात. जुन्या संगीत नाटकांतील साक्या-दिंड्या ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना ही मापे न मोजताही कानात सापडतील.

जातींच्या बाबतीत माधव जूलियन यांनी आवर्तनांची जी नावे दिली, ती आजही उपयोगी पडतात. आठ मात्रांचे आवर्तन ते पद्म, सहा मात्रांचे भृंग, सात मात्रांचे अग्नी आणि पाच मात्रांचे हर. तबल्याच्या तालाशी ओळख असलेल्यांनी या नावांकडे जरूर वळावे, कारण केरवा, दादरा, रूपक आणि झपताल यांचा त्यांच्याशी असलेला संबंध त्यांना चटकन जाणवतो.

लघु आणि गुरू कसे ओळखावे? गुजराती माध्यमात शिकलेल्यांना हे अवघड का जाते?

नियम थोडे आहेत. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु असते व त्याची एक मात्रा धरतात. दीर्घ स्वराचे अक्षर गुरू असते व त्याच्या दोन मात्रा होतात. ए, ऐ, ओ, औ ही अक्षरे मराठी पद्यात गुरूच मानली जातात. ज्या अक्षराच्या पुढे जोडाक्षर येते ते ऱ्हस्व असले तरी गुरू होते, कारण जोडाक्षराचा आघात त्याच्यावर पडतो. 'सत्य' या शब्दातील 'स' म्हणूनच गुरू आहे. अनुस्वाराचा स्पष्ट उच्चार होत असेल किंवा विसर्ग असेल, तरी अक्षर गुरू होते. अपवाद असा की मराठीत 'तुम्ही', 'कुऱ्हाड' यांसारख्या शब्दांत जोडाक्षराचा आघात मागे जात नाही, त्यामुळे 'तु' आणि 'कु' ही अक्षरे लघुच राहतात. नियम पाठ करून हा अपवाद उमगत नाही, शब्द मोठ्याने उच्चारला की लगेच उमगतो.

अडचण मुख्यतः इकार-उकारांची असते. गुजरातीच्या आजच्या उच्चारात इ आणि ई, उ आणि ऊ यांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद व्यवहारात उरलेला नाही, आणि मराठीच्या रोजच्या बोलण्यातही तो बराचसा शब्दातील जागेवर अवलंबून असतो. त्यामुळे बडोद्यात वाढलेला एखादा तरुण 'आणि' हा शब्द लिहिताना 'आणी' लिहितो, त्याच्या कानाला काही खटकत नाही, आणि वृत्तात मात्र एक मात्रा वाढून ओळ लंगडते. यावर उपाय एकच: सवयीच्या वीस-पंचवीस श्लोकांचे पठण करावे आणि पठण करताना डोळ्यांसमोर छापील पान ठेवावे. कानाने ऐकलेली लांबी आणि डोळ्याने पाहिलेली वेलांटी यांची सांगड बसली की पुढे शब्दकोशाची गरज क्वचित लागते.

जुन्या कवींनी वृत्तासाठी ऱ्हस्वाचे दीर्घ आणि दीर्घाचे ऱ्हस्व केल्याची उदाहरणे भरपूर आहेत. ती सवलत आजही घेता येते, पण जिला आपण सवलत म्हणतो ती ओळीओळीला घ्यावी लागत असेल, तर वृत्त आपल्या हाती आलेले नाही असे समजावे.

अक्षरे मोजताना बोलण्यातील उच्चार धरावा की लिहिलेले अक्षर?

लिहिलेले अक्षर. आपण 'सुंदर' हा शब्द बोलताना शेवटचा अकार गिळतो, पण छंदात त्याची तीन अक्षरे होतात. तुकोबांचा सर्वांना पाठ असलेला चरण पाहा: सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. पहिल्या तीन तुकड्यांत सहा-सहा आणि शेवटच्या तुकड्यात चार अक्षरे आहेत. 'सुंदर'ची दोन किंवा 'कर'चे एकच अक्षर धरले, तर हा हिशेब जुळणार नाही. गाताना किंवा संथपणे म्हणताना हा गिळलेला अकार पुन्हा उमटतो, म्हणून भजनात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही.

ओवी आणि अभंग वेगळे कसे ओळखावे?

ओवीचे साडेतीन चरण असतात असे म्हणतात. पहिल्या तीन चरणांच्या शेवटी यमक जुळते आणि चौथा चरण तोकडा, यमकाविना येतो. ज्ञानेश्वरीत, म्हणजे शके १२१२ मधील ग्रंथात, हीच ओवी गीतेवरील विस्तृत विवेचनाचे ओझे सहज पेलते, कारण तिच्या चरणांतील अक्षरसंख्या लवचिक आहे आणि विचाराच्या गरजेप्रमाणे ती आखडते किंवा पसरते. जात्यावरची ओवी हे तिचे दुसरे, बहुधा त्याहून जुने रूप. तेथे जात्याच्या फेऱ्याची लय प्रधान असते, आणि माहेर, भाऊ, लेक, विठोबा हे विषय एका ओवीत मावतील एवढेच घेतले जातात. ग्रंथातील ओवी आणि जात्यावरची ओवी यांना एकाच मापाने मोजू नये.

अभंगाची मापे अधिक ठरीव आहेत. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे येतात, व दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. नमुन्यासाठी मुद्दाम रचलेल्या या ओळी पाहाव्यात:

विश्वामित्रीकाठी । वडांची सावली ।
शब्दांची माउली । आठवते ॥

लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण असतात आणि दोन्हींचे यमक जुळते. 'जे का रंजले गांजले, त्यासी म्हणे जो आपुले' हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अभंग म्हणजे भक्तीच असली पाहिजे का, असेही विचारले जाते. परंपरेने अभंगाला भक्तीचा आणि आत्मपरीक्षणाचा स्वर दिला हे खरे, पण बा. सी. मर्ढेकरांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर ओवी-अभंगांचे वळण घेऊनच यंत्रयुगातील माणसाची घुसमट मांडली. त्या कवितांत जुने वळण आणि नवा आशय यांचा जो ताण जाणवतो, तो मुक्तछंदात आला नसता.

आर्या हे वृत्त आहे की जाती? आणि मोरोपंतांचेच नाव तिच्याशी का जोडले जाते?

आर्या मात्रांवर बांधलेली असल्यामुळे ती जाती आहे. संस्कृत आर्येत चार चरणांच्या मात्रा बारा, अठरा, बारा आणि पंधरा अशा असतात. मोरोपंतांनी मराठीत बहुतेक ठिकाणी तिचा गीती हा भेद वापरला, ज्यात शेवटच्या चरणातही अठराच मात्रा येतात. कवी आणि त्यांची खास रचना यांची सांगड घालणारी प्रसिद्ध उक्ती स्वतःच गीतीत आहे, त्यामुळे मात्रा मोजायला शिकण्यासाठी तिच्यासारखा उतारा नाही:

सुश्लोक वामनाचा । अभंग वाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची । किंवा आर्या मयूरपंताची ॥

पहिला चरण घ्या. 'सु'च्या पुढे 'श्लो' हे जोडाक्षर असल्याने 'सु'च्या दोन मात्रा, 'श्लो'च्या दोन, 'क'ची एक. 'वा'च्या दोन, 'म'ची एक, 'ना'च्या दोन आणि 'चा'च्या दोन. एकूण बारा. दुसऱ्या चरणात 'अभंग' चार, 'वाणी' चार, 'प्रसिद्ध' चार आणि 'तुकयाची' सहा, अशा अठरा मात्रा भरतात. उरलेले दोन चरण वाचकांनी स्वतः मोजून पाहावेत; तेथेही बारा आणि अठराच येतील. एवढे एक उदाहरण बोटांवर नीट मोजले की मात्रांची भीती जाते, असा बैठकीतील अनुभव आहे.

मोरोपंत केवळ आर्येचे कवी नव्हते, हेही येथे सांगायला हवे. त्यांची 'केकावली' सतरा अक्षरांच्या पृथ्वी वृत्तात आहे, आणि आर्तता व पांडित्य यांचा तेथे साधलेला मेळ आर्यांमध्ये क्वचितच दिसतो.

गण पाठ केल्याशिवाय वृत्तात लिहिता येते का?

येते, आणि सुरुवात तशीच करावी. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. या वृत्तात लघु, गुरू, गुरू हा तीन अक्षरांचा गण चार वेळा येतो. मनाचे पंचवीस श्लोक ज्याच्या तोंडी बसले आहेत, त्याला 'य गण चार वेळा' हे सांगावे लागत नाही. चुकीची ओळ म्हणताना त्याची जीभच अडखळते.

मात्र स्वतः लिहू लागल्यावर दुरुस्तीसाठी गण कामी येतात. 'यमाताराजभानसलगम्' हे सूत्र त्यासाठीच आहे: ज्या गणाचे अक्षर हवे, त्यापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या गणाचा लघु-गुरू क्रम मिळतो. 'य'पासून 'यमाता' म्हणजे लघु, गुरू, गुरू; 'स'पासून 'सलगम्' म्हणजे लघु, लघु, गुरू. एवढेच सूत्र लक्षात ठेवावे. पुढचा टप्पा यतीचा, म्हणजे ओळीतील ठरलेल्या विसाव्याचा. मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर विसावा येतो, शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर. विसाव्याच्या जागी शब्द मध्येच तुटला तर लघु-गुरू अचूक असूनही ओळ कानाला बोचते.

चाल लागली म्हणजे रचना छंदात आहे असे समजावे का?

नाही. चांगला गायक गद्यालाही चाल लावू शकतो, कारण स्वर लांबवणे आणि आखडणे त्याच्या हातात असते. चालीशिवाय, साध्या वाचनात जी लय उरते, तीच रचनेची स्वतःची लय होय.

पोवाडा, लावणी आणि फटका आजच्या कवीने लिहावेत का?

अवश्य लिहावेत, पण ती कागदावर वाचण्याची रूपे नाहीत हे ध्यानात ठेवून. अफझलखानाच्या वधावरील अज्ञानदासाचा पोवाडा शिवकाळातील आहे, आणि तेव्हापासून पोवाड्याचे बळ समोर बसलेल्या श्रोत्यांवर अवलंबून राहिले आहे. शाहीर कथा सांगतो, झीलकरी तिला उचलून धरतात, मध्ये गद्य निवेदन येते. लावणीतही राम जोशी आणि होनाजी बाळा यांच्या रचनांमध्ये शब्दांची अशी नादमय गुंफण आढळते की ढोलकी नसतानाही ताल ऐकू येतो. आध्यात्मिक आणि उपदेशपर लावण्याही त्याच परंपरेत आहेत, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. फटका हा व्यवहारबोधाचा प्रकार, आणि अनंत फंदी यांनी तो लोकांच्या तोंडी रुळवला.

गझल म्हणजे यमक जुळलेले शेर एवढेच ना? बडोद्यात गुजराती गझल सतत ऐकू येते, मग मराठी गझल लिहिताना काय वेगळे सांभाळावे?

बैठकीत सर्वाधिक चर्चा होते ती याच प्रश्नाची, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

गझलेचे सर्व शेर एकाच वृत्तात असावे लागतात. पहिल्या शेराला मतला म्हणतात आणि त्याच्या दोन्ही ओळींत काफिया व रदीफ येतात. पुढील प्रत्येक शेरात ते केवळ दुसऱ्या ओळीत येतात. रदीफ म्हणजे शेवटी न बदलता येणारा शब्द किंवा शब्दसमूह, आणि काफिया म्हणजे त्याच्या आधीचे यमक. काफियात जो स्वर कायम राहतो त्याला अलामत म्हणतात. नमुन्यासाठी रचलेले हे दोन शेर पाहा:

सांजवेळी ऐकलेला ओळखीचा सूर होता
आणि गाण्यातील माझा गाव आता दूर होता

कोरडे डोळे जगाला दाखवूनी शांत होतो
उंबऱ्याच्या आत माझ्या आसवांचा पूर होता

येथे 'होता' ही रदीफ आहे. 'सूर', 'दूर', 'पूर' हे काफिये आहेत. आणि 'र'च्या आधीचा 'ऊ' ही अलामत आहे. पुढच्या शेरात 'वार होता' असे लिहिले तर 'र' जुळूनही अलामत मोडते आणि गझलेचा बंध सुटतो. वृत्त म्हणाल तर प्रत्येक ओळीत गुरू, लघु, गुरू, गुरू हा क्रम चार वेळा आला आहे. मराठीत हे वृत्त व्योमगंगा या नावाने ओळखले जाते.

मात्र हे सगळे सांभाळूनही गझल होईलच असे नाही. प्रत्येक शेर स्वतंत्र अर्थाची पूर्ण कविता असावी लागते. पहिली ओळ एखादी गोष्ट मांडते, श्रोता क्षणभर थांबतो, आणि दुसरी ओळ त्याला अनपेक्षित पण अपरिहार्य वाटेल अशा ठिकाणी नेते. नवशिके कवी बहुधा एकच विषय सातही शेरांत ताणतात. ती रचना गीत म्हणून चांगली असू शकते, पण तिला गझल म्हणू नये.

मराठीत गझलेचा हा बंध जाणीवपूर्वक आणण्याचे श्रेय माधव जूलियन यांना जाते. त्यांचा 'गज्जलांजली' हा संग्रह १९३३ चा. फारशी छंदांची मराठी लघु-गुरूंत मांडणी त्यांनी करून दाखवली. पुढे सुरेश भट यांनी गझलेचा आत्मा मराठी बोलीत रुजवला, नव्या कवींसाठी तिची बाराखडी लिहिली, आणि गझल मराठी श्रोत्यांच्या कानाला आपली वाटू लागली. गुजराती गझलेचा सहवास लाभलेल्या बडोदेकर कवीला शेराची कलाटणी आणि मुशायऱ्याची शिस्त आयती मिळते, हा त्याचा लाभ आहे. सांभाळायचे ते लघु-गुरू, कारण वर सांगितलेली इकार-उकारांची अडचण गझलेत सर्वांत उघडी पडते. फारशी-उर्दू शब्दांची भर घातल्याने गझल अधिक गझल होत नाही, हेही आग्रहाने सांगावेसे वाटते.

रुबाई, हायकू आणि चारोळी यांत काय फरक आहे?

रुबाईला चार ओळी असतात. पहिली, दुसरी आणि चौथी यांचे यमक जुळते, तिसरी मोकळी राहते आणि त्या मोकळेपणामुळेच चौथी ओळ ठसते. हायकू जपानी परंपरेतून आला आणि शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला. तीन ओळींत एक निसर्गक्षण आणि त्याने उमटलेली जाणीव एवढेच त्यात असते. जपानीतील पाच, सात, पाच ही मोजणी मराठीत सहसा काटेकोर पाळली जात नाही. चारोळीला ओळींच्या संख्येपलीकडे ठरलेला नियम नाही, आणि म्हणूनच ती लिहायला सोपी व चांगली लिहायला कठीण आहे.

सुनीतात चौदा ओळी असल्या की पुरे का?

चौदा ओळी हा सुनीताचा बाहेरचा आकार आहे. त्याच्या आत विचाराला एक वळण मिळावे लागते, बहुधा आठव्या ओळीनंतर किंवा शेवटच्या दोन ओळींत. केशवसुतांनी १८९२ मध्ये मराठीत सुनीत आणले, आणि मराठी सुनीतासाठी शार्दूलविक्रीडित हे भारदस्त वृत्त पुष्कळ कवींनी पसंत केले. गुजरातीत बळवंतराय ठाकोर यांनी १८८८ मध्ये सुनीत लिहिले आणि पुढे पृथ्वी वृत्ताला विशेष मान दिला, कारण त्यात वाक्य एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सहज वाहते. दोन्ही भाषा वाचू शकणाऱ्यांनी ही सुनीते शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकच परदेशी आकार संस्कृत वृत्तांच्या आधाराने दोन शेजारी भाषांत जवळपास एकाच काळात कसा स्थिरावला, हे त्यातून फार चांगले कळते.

मुक्तछंदाला नियम नसतात ना? मग तो कविता आहे हे कशावरून ठरते?

मुक्तछंदात मोजणीचे बंधन नसते, लयीचे मात्र असते. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, यांनी मराठीत मुक्तछंद रुजवला. 'भग्नमूर्ती' हे त्यांचे १९४० मधील दीर्घकाव्य मोठ्याने वाचले तर त्यातील लय लगेच पकडीत येते. बोलण्यात शब्दांचे जे लहान-लहान गट स्वाभाविकपणे पडतात, त्यांच्या आवर्तनावर ती उभी आहे. याच कवीने पुढे 'दशपदी' हा दहा ओळींचा बांधीव प्रकार हाताळला आणि त्या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, ही बाब मुक्तछंदाकडे पळवाट म्हणून पाहणाऱ्यांनी अवश्य विचारात घ्यावी. बंध सोडणारा कवी बंध जाणत होता.

मुक्तछंदात ओळ कोठे तोडायची हा कवीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय असतो. तोडलेल्या ओळी सलग गद्यासारख्या लिहून पाहाव्यात. अर्थ, वेग आणि ताण यांपैकी काहीही कमी झाले नाही, तर त्या ओळी तोडण्याची गरज नव्हती. ही परीक्षा कठोर आहे, पण तिच्यामुळे बैठकीत आलेल्या कितीतरी कविता सुधारल्या आहेत.

नव्या कवितेच्या इतिहासात बडोद्याचे स्थानही येथे नोंदवायला हवे. १९४० च्या दशकात पु. आ. चित्रे यांचे 'अभिरुचि' मासिक बडोद्याहून निघत होते, आणि मर्ढेकरांसह त्या काळातील नव्या जाणिवेच्या लेखकांना त्याने जागा दिली. त्यांचे पुत्र दिलीप चित्रे यांचा जन्म १९३८ साली बडोद्यातच झाला. मुक्तछंदातील मराठी कविता त्यांनी फार पुढे नेली, आणि त्याच कवीने तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेण्यासाठी आयुष्यातील अनेक वर्षे दिली. त्यापूर्वीच्या पिढीत बडोदे संस्थानचे राजकवी चंद्रशेखर, म्हणजे चंद्रशेखर शिवराम गोऱ्हे, पंडिती वळणाच्या घोटीव वृत्तरचनेसाठी ओळखले जात. एकाच शहराच्या आठवणीत चंद्रशेखरांचे श्लोक, माधव जूलियन यांच्या गझला आणि चित्र्यांचा मुक्तछंद एकत्र नांदतात. म्हणून येथील कवीने वृत्त की मुक्तछंद असा पक्ष घेण्याचे काही कारण नाही.

बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज येतात. ते कवितेत ठेवावेत का?

ते आपल्या बोलण्याचे खरे शब्द असतील तर ठेवावेत. बहिणाबाई चौधरी यांनी लेवा गणबोलीत ओव्या रचल्या आणि त्या बोलीचा जिवंतपणा साऱ्या महाराष्ट्राने आपला मानला. पोळ, ओटला, खडकी हे शब्द ज्या घरात रोज उच्चारले जातात, त्या घरातील कविता त्यांना टाळून लिहिली तर ती परक्याची वाटेल. अडचण येते ती केवळ चमक आणण्यासाठी शब्द पेरले जातात तेव्हा.

रूपांच्या बाबतीतही देवाणघेवाण शक्य आहे. बडोद्याजवळच्या डभोईत राहिलेले गुजराती कवी दयाराम यांच्या गरब्या कृष्ण आणि गोपी यांच्या संवादांनी भरलेल्या आहेत, आणि आशयाने त्या आपल्या गवळणींच्या फार जवळ येतात. नवरात्रात गरबा खेळणाऱ्या मराठी मुलींना भोंडल्याची गाणीही ठाऊक असतात. फेर धरून म्हणायच्या दोन्ही गीतप्रकारांची आवर्तने ताडून पाहणे हा छंद शिकण्याचा उत्तम मार्ग आहे.

कविता उपजत असते म्हणतात. मग इतका अभ्यास कशाला?

हा वाद जुना आहे आणि त्यावरील एक मोलाचा ग्रंथ बडोद्यातूनच प्रकाशात आला. राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापली गेली. राजशेखर प्रतिभेचे महत्त्व नाकारत नाही. तो निर्माण करणारी कारयित्री आणि आस्वाद घेणारी भावयित्री असे तिचे दोन भेद करतो, आणि तरीही कवीने दिवसाचे प्रहर अध्ययन, रचना, चर्चा आणि पुनर्विचार यांत कसे वाटून घ्यावेत हे तपशिलाने सांगतो. भावयित्री प्रतिभेचा त्याने केलेला स्वतंत्र विचार बैठकीला येणाऱ्या, स्वतः न लिहिणाऱ्या वाचकांनाही त्यांचे स्थान देतो.

अगदी नव्याने सुरुवात करणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावे?

प्रथम लहान अभंग लिहावा, कारण आठ अक्षरे आणि एक यमक एवढेच त्यात सांभाळायचे असते. त्यानंतर मोठा अभंग, मग आठ मात्रांच्या आवर्तनाचे पादाकुलक, आणि हात बसल्यावर भुजंगप्रयात. गझलेकडे त्यानंतर वळावे. प्रत्येक टप्प्यावर त्या रूपातील जुन्या रचना मोठ्याने वाचाव्यात. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मराठी काव्याची जुनी पुस्तके आहेत, आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठातील मराठी विभाग व मराठी वाङ्मय परिषद यांच्या कार्यक्रमांतून जाणकारांची गाठ पडते. बैठकीत कविता आणताना एकच विनंती आहे: ती ज्या छंदात, वृत्तात किंवा जातीत असेल त्याचे नाव कागदाच्या वरच्या बाजूस लिहावे, आणि मुक्तछंदात असेल तर वाचताना कोठे थांबायचे त्या जागा खुणांनी दाखवाव्यात, म्हणजे दुसऱ्याने वाचली तरी ती कवीच्या मनातील लयीत वाचता येईल.